पेट्रोलमधील शिसे

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यातील काळी कांडी ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनच्याच एका रूपाची बनविलेली असते. नाव मात्र जुन्या गैरसमजातून चिकटले आणि तसेच राहिले. याच्या अगदी उलट प्रकार पेट्रोलचा. त्याच्या नावात शिशाचा मागमूस नव्हता. परंतु विसाव्या शतकातील सुमारे पाऊणशे वर्षे जगातील बहुतेक देशांत मोटारी ज्या पेट्रोलवर धावल्या, त्यात शिसे जाणूनबुजून मिसळलेले असे. ते इंजिनातून बाहेर पडून हवेत, हवेतून रस्त्याच्या धुळीत, आणि हवा व धूळ या दोन्ही वाटांनी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तात जात होते. हे कसे सुरू झाले, त्याची हानी कशी उघडकीस आली आणि ते बंद होण्यास इतका काळ का लागला, याची हकीगत येथे सांगावयाची आहे.

शिसे हा काही माणसाला नवखा धातू नव्हे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तो 'नाग' या नावाने येतो. मारुतीच्या मूर्तीस लावण्याचा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच एक ऑक्साइड. रंगाऱ्यांचा जुना सफेदा हेही शिशाचेच संयुग. मासे धरण्याच्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. मराठी ग्रंथ ज्या खिळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले, ते खिळे मुख्यतः शिशाचे, त्यात थोडे अँटिमनी व कथील घालून ओतलेले असत. मऊ, लवकर वितळणारा, सहसा न गंजणारा आणि स्वस्त असा हा धातू. तो विषारी आहे हेही फार पूर्वीपासून माहीत होते. खाणीत, भट्टीवर किंवा रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या पोटात असह्य कळा येत, हिरड्यांवर निळसर रेघ उमटे, मनगट लुळे पडे, आणि बाधा अधिक झाली तर झटके येऊन व भ्रम होऊन माणूस दगावे. परंतु हे विष कामगाराचे समजले जाई. ज्याचा शिशाशी हातचा संबंध नाही, त्यालाही त्याची बाधा होईल अशी कल्पना सहसा कोणी केली नव्हती.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते व नंतर ठिणगीने पेटविले जाते. मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी इंजिनाची शक्ती वाढते व इंधनही वाचते. मात्र दाब एका मर्यादेपलीकडे गेला की, ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो. दट्ट्यावर हातोडीचे घाव पडावेत तसा आवाज येतो, शक्ती घटते आणि इंजिनाचे नुकसान होते. या दोषास नॉकिंग म्हणतात. आपल्याकडील गॅरेजांतही हाच शब्द रूढ आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटार कारखानदारांपुढील हा सर्वांत मोठा प्रश्न होता. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या संशोधन विभागात टॉमस मिजली या अभियंत्याने त्यावर उपाय शोधण्यासाठी कितीतरी पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहिले. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याने टेट्राएथिल लेड हे द्रव्य वापरून पाहिले आणि खडखडाट एकदम थांबला. (या द्रव्यास 'चतुःएथिल शिसे' असे म्हणता येईल, परंतु असे शब्द परिभाषा-कोशातून बाहेर पडून रस्त्यावर क्वचितच येतात.) एका लिटर पेट्रोलला एक ग्रॅमहूनही कमी शिसे पुरेसे होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. हा एकच उपाय उपलब्ध होता असे नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळला तरी नॉकिंग थांबते, हे त्या वेळी ठाऊक होते. खुद्द मिजलीनेही मद्यार्कमिश्रित इंधनावर काम केले होते. पण मद्यार्क बराच अधिक घालावा लागतो, आणि तो कोणीही गाळू शकत असल्यामुळे त्याच्यावर मक्तेदारी सांगता येत नाही. शिशाच्या द्रव्याचे पेटंट घेता येत होते. मद्यार्क मागे पडण्याचे हेच मुख्य कारण होते, असे या विषयाच्या काही इतिहासकारांचे मत आहे. शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये, भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे, म्हणजे त्याच मद्यार्काचे, प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले, हा योगायोग मनोरंजक आहे; अर्थात त्यामागील कारणे निराळी आहेत.

शिसे घातलेल्या पेट्रोलची पहिली विक्री फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन या गावी झाली. लवकरच एक अडचण दिसून आली. जळलेल्या शिशाचा थर इंजिनातच साचू लागला. त्यावर उपाय म्हणून ब्रोमीनचे एक संयुग पेट्रोलमध्ये घालण्यात येऊ लागले. त्यामुळे शिशाचे सहज उडून जाणारे ब्रोमाइड तयार होऊन ते धुराबरोबर नळीवाटे बाहेर पडे. म्हणजे शिसे हवेत जाणे हा काही अपघात किंवा निष्काळजीपणा नव्हता. इंजिन स्वच्छ राहावे म्हणून ते मुद्दाम हवेत सोडण्याची ती योजना होती. नव्या पेट्रोलचे नाव 'एथिल' असे ठेवण्यात आले. त्या नावात शिसे हा शब्द कोठेही नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागला. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. थोड्याच दिवसांत त्यांतील पाच जण मरण पावले. वृत्तपत्रांनी त्या द्रव्यास 'वेड लावणारा वायू' असे नाव दिले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांपुढे ते द्रव्य आपल्या हातांवर चोळून दाखविले आणि त्याची बाटली नाकाशी धरून एक मिनिटभर हुंगून दाखविली. त्यापूर्वी सुमारे दीड वर्ष त्याला स्वतःलाच शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी दूर जावे लागले होते, हे त्याने त्या प्रसंगी सांगितले नाही.

न्यूयॉर्कसह काही ठिकाणी विक्रीवर बंदी आली, आणि मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या प्रमुखाने वॉशिंग्टन येथे परिषद बोलाविली. एका दिवसातच संपलेली ही परिषद पुढील अर्धशतकाचे भवितव्य ठरविणारी होती. एका बाजूस तेल व मोटार उद्योगांचे प्रतिनिधी होते. त्यांतील एकाने या द्रव्याचे वर्णन ईश्वराची देणगी असे केले. दुसऱ्या बाजूस डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारखे थोडे लोक होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. शिशाच्या कारखान्यांतून स्वतः हिंडून त्यांनी कामगारांचे आजार पाहिले होते. जेथे जेथे शिसे आहे तेथे तेथे आज ना उद्या बाधा झाल्यावाचून राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारखान्यातील कामगारास मुखवटा देता येईल, परंतु रस्त्यावरून जाणाऱ्या सर्व माणसांना कोण संरक्षण देणार, हा या पक्षाचा खरा प्रश्न होता. उद्योगाचे म्हणणे असे की, रस्त्यावर कोणी आजारी पडलेले दिसत नाही, तेव्हा हानी होते हे प्रथम सिद्ध करा, मग पाहू. यानंतर नेमलेल्या समितीने मोटारचालक व गॅरेजातील कामगार मिळून २५२ जणांची तपासणी केली आणि बंदी घालण्यास सबळ कारण नाही असा निष्कर्ष १९२६ च्या आरंभी काढला. पुढे अधिक काळ लोटल्यावर सौम्य परंतु चिवट बाधा दिसून येण्याचा संभव आहे, यासाठी सरकारी खर्चाने संशोधन चालू ठेवावे, असेही समितीने सुचविले होते. विक्री तत्काळ सुरू झाली. संशोधन मात्र पुढे चाळीस वर्षे मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालले.

त्या काळात या विषयातील सर्वमान्य अधिकारी म्हणजे सिनसिनाटी येथील डॉ. रॉबर्ट किहो. शिसे प्रत्येकाच्या शरीरात असतेच, शरीर ते बाहेर टाकत असते, आणि रक्तात १०० मिलिलिटरमागे ८० मायक्रोग्रॅमपर्यंत ते असले तरी धोका नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मोटारी फारशा नव्हत्या अशा मेक्सिकोतील ग्रामीण भागातील लोकांच्या शरीरातही त्यांना शिसे आढळले होते, आणि त्यावरून ते नैसर्गिकच आहे असे ते म्हणत. तेथील लोक शिशाचा झिलईचा लेप दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत असत, या गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

या सिद्धांताला पहिला मोठा धक्का देणारा मनुष्य वैद्य नव्हता, तर पृथ्वीचे वय शोधणारा भूरसायनज्ञ होता. क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे असे १९५६ मध्ये दाखविले. हे काम करीत असता त्यांना एका विचित्र अडचणीने हैराण केले होते. कोणताही नमुना प्रयोगशाळेत आणला की त्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक शिसे भरे. ते हवेतून येई, पाण्यातून येई, काचेच्या भांड्यांतून येई, स्वतःच्या केसांतून व कपड्यांतून येई. अखेर गाळलेली हवा खेळविणारी, अतिशय स्वच्छ राखलेली प्रयोगशाळा उभारल्यावरच त्यांचे मापन जमले. मग जे शिसे आपण प्रयोगशाळेतून हाकलून दिले, ते मुळात आले कोठून, असा प्रश्न त्यांना पडला. दुसरा एखादा मनुष्य पृथ्वीच्या वयावर मिळालेल्या कीर्तीने समाधानी झाला असता!

समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात खोल पाण्यापेक्षा शिसे पुष्कळ अधिक आहे, असे त्यांना आढळले. शिसे नैसर्गिक रीतीने खडकांतून झिरपून आले असते तर असे असण्याचे कारण नव्हते. ते वरून, हवेतून, नुकतेच पडत होते. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाचे थर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. वर्षानुवर्षे पडलेले हिम एकावर एक साचून तेथे जणू हवेची वही लिहिली गेली आहे. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या थरापेक्षा १९६५ च्या थरात शिशाचे प्रमाण २०० पटींहून अधिक होते, आणि त्यातील सर्वांत मोठी वाढ १९४० नंतरची होती.

१९६५ मध्येच पॅटरसन यांनी आपले म्हणणे स्पष्टपणे मांडले होते. किहो यांच्या युक्तिवादातील नेमके वैगुण्य त्यांनी दाखवून दिले: 'नेहमीचे' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. आजच्या प्रत्येक माणसाच्या रक्तात शिसे सापडते, एवढ्यावरून ते तेथे असावयास हवे असे ठरत नाही. सगळ्या गावाला हिवताप असला म्हणजे हिवताप ही निरोगी अवस्था होत नाही. या निबंधानंतर त्यांना मिळणारे काही अनुदान बंद झाले, आणि १९७१ साली हवेतील शिशाचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीत, या विषयातील सर्वांत अचूक मापन करणारा हा शास्त्रज्ञ घेण्यात आला नाही.

आता शिसे शरीरात नेमके काय करते ते पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील भाग नीट समजणार नाही. मोटारीच्या धुरातील शिशाचे कण अतिसूक्ष्म असल्यामुळे ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात व तेथून रक्तात शोषले जातात. जड कण धुळीत बसतात; रांगणारे मूल हात जमिनीला लावते व तोंडात घालते. प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषला जातो, तर लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. पोट रिकामे असेल, किंवा आहारात लोह व चुना (कॅल्शियम) कमी असेल, तर ते आणखी वाढते. रक्तक्षयाने ग्रासलेल्या मुलांची संख्या ज्या देशात मोठी आहे, तेथे या एका वाक्याचा अर्थ फार गंभीर होतो. शरीराला शिसे व कॅल्शियम यांतील भेद नीट ओळखता येत नाही. त्यामुळे कॅल्शियमसाठी असलेल्या दारांतून शिसे आत शिरते, मेंदूत एका मज्जापेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याच्या कामात विघ्न आणते, रक्तातील हीम हे द्रव्य तयार होण्याची क्रिया अडविते, आणि उरलेले हाडांत जाऊन बसते. तेथे ते दशकानुदशके राहते. गरोदरपणी आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटू लागले की त्याच्याबरोबर शिसेही सुटते व वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. वाढत्या वयात मेंदूची झालेली ही हानी औषधाने भरून येत नाही.

परंतु हे दाखवावयाचे कसे? रक्तातील शिसे अलीकडच्या आठवड्यांतील बाधा सांगते, आणि सौम्य बाधा झालेले मूल तर दिसण्यात इतर मुलांसारखेच असते. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी यासाठी एक सुरेख मार्ग काढला. दात हाही हाडासारखाच शिसे साठवितो, आणि दुधाचा दात मूल आपण होऊन देऊन टाकते. चेल्सी व सॉमरव्हिल या गावांतील दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दात त्यांनी जमा केले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, अशा मुलांचा बुद्ध्यंक कमी शिसे असलेल्या मुलांच्या सरासरीपेक्षा सुमारे चार अंकांनी कमी आढळला; वर्गात कोणते मूल कसे वागते हे न सांगता नोंदविण्यास सांगितलेल्या शिक्षकांनीही याच मुलांबद्दल लक्ष न लागणे, सूचना न पाळता येणे अशा तक्रारी अधिक लिहिल्या. हा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार अंक म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. एका मुलाच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु सबंध समाजाची सरासरी चार अंकांनी खाली सरकली, तर अगदी खालच्या टोकाला, म्हणजे ज्यांना आयुष्यभर आधार लागतो त्यांत, पडणारी भर फार मोठी असते. अकरा वर्षांनी त्याच मुलांचा पुन्हा शोध घेतला तेव्हा अधिक शिसे असलेल्यांत शाळा सोडून दिलेल्यांचे प्रमाण कितीतरी पट अधिक निघाले. नीडलमन यांच्यावर पुढे संशोधनात लबाडी केल्याचा आरोपही झाला. दीर्घ चौकशीअंती तो टिकला नाही.

अमेरिकेत पेट्रोलमधून शिसे जाऊ लागले ते मात्र मुलांच्या मेंदूसाठी नव्हे, तर प्लॅटिनमसाठी. धुक्यासारख्या धुराने लॉस एंजल्ससारखी शहरे कोंडली होती. त्यावर उपाय म्हणून १९७५ पासूनच्या नव्या मोटारींच्या धुराड्यात उत्प्रेरक परिवर्तक बसविण्यात आला. त्यातील प्लॅटिनमवर शिशाचा लेप बसला की तो निकामी होतो. म्हणून या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल पुरविणे भाग पडले, आणि चुकूनही दुसरे भरले जाऊ नये म्हणून पंपाच्या नळीचे तोंड अरुंद करण्यात आले. योगायोगाने १९७६ ते १९८० या काळात तेथे देशभर रक्ततपासणीचे एक मोठे सर्वेक्षण चालू होते. पेट्रोलमधील शिसे जसजसे कमी होत गेले, तसतसे लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे १०० मिलिलिटरमागे १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२ वर उतरले. दोन्ही आलेख एकावर एक ठेवावेत इतके सारखे होते. पेट्रोलचा वाटा किरकोळ आहे, ही साठ वर्षांची समजूत या एका आलेखाने संपविली. १९८० नंतर नियम सैल करण्याचा जो विचार सरकारदरबारी चालू होता तो सोडून द्यावा लागला आणि उलट १९८५ मध्ये ते कडक करण्यात आले. १९९१ च्या सुमारास रक्तातील सरासरी ३ च्याही खाली आली.

या सर्व काळात 'धोक्याची पातळी' या शब्दाचे काय होत गेले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाबाबत काळजी करण्याची पातळी साठाच्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. ती पुढे ४० झाली, मग ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. निरुपद्रवी म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची आजची भूमिका आहे. किहो ज्या ८० ला सुरक्षित म्हणत होते, ती पातळी आज एखाद्या मुलाच्या रक्तात सापडली तर त्याला तत्काळ रुग्णालयात दाखल करतील.

भारतात ही हकीगत बरीच उशिरा घडली, पण घडली तेव्हा त्वरेने घडली. १९९० च्या आसपास आपल्या शहरांतील रस्ते स्कूटर, मोपेड व रिक्षा यांनी भरून गेले होते. त्यांचा धूर कमरेच्याही खाली, म्हणजे लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटे. पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असे. १९८५ मध्ये वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेबाबत सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेची सुनावणी वर्षानुवर्षे चालली, आणि तिच्या ओघात शिशाचा प्रश्नही न्यायालयापुढे आला. १९९४ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत शिशाचे प्रमाण ०.१५ ग्रॅमवर आणले गेले. १ एप्रिल १९९५ पासून या शहरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसविणे बंधनकारक झाले व त्यांच्यासाठी निवडक पंपांवर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. येथेही, अमेरिकेप्रमाणेच, प्लॅटिनम पुढे आणि मूल मागे. १ सप्टेंबर १९९८ पासून दिल्लीत आणि १ फेब्रुवारी २००० पासून सबंध देशात फक्त शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. डेटनच्या पहिल्या विक्रीस त्या महिन्यात सत्त्याहत्तर वर्षे झाली होती.

या निर्णयामागे तेलशुद्धीकरण कारखान्यांतील मोठा फेरफार होता. शिसे काढून घेतल्यावर नॉकिंग न होण्यासाठी पेट्रोलमधील हायड्रोकार्बनांचीच मांडणी बदलावी लागते, आणि त्यासाठी नवी संयंत्रे उभारावी लागतात. हा फेरफार नीट झाला नाही तर बेंझीनसारखी, कर्करोगास कारण होणारी द्रव्ये पेट्रोलमध्ये वाढतात. म्हणून बेंझीनवरही मर्यादा घालाव्या लागल्या. एक विष काढताना दुसरे आत येऊ नये, ही दक्षता अशा प्रत्येक सुधारणेत घ्यावी लागते आणि ती घेतली न गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मुलांच्या रक्तावर या निर्णयाचा परिणाम झाला का? बंगलोरच्या जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने १९९७ च्या सुमारास मुंबईसह सात शहरांत रक्ततपासणीची मोठी मोहीम काढली होती. डॉ. वेंकटेश तुप्पिल यांच्यासारखे जीवरसायनज्ञ तिच्यात अग्रभागी होते. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिसे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघाले. मुंबईत तर हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. शिसे बंद झाल्यानंतर दोनएक वर्षांनी मुंबईतील साडेसातशे मुलांची तपासणी झाली, तेव्हा ते सुमारे ३३ टक्क्यांवर आलेले दिसले. दोन्ही पाहण्यांतील मुले निराळी होती, त्यामुळे ही तुलना काटेकोर म्हणता येत नाही. तरीही एवढ्या थोड्या अवधीत एवढी घट दुसऱ्या कोणत्या उपायाने झाली असती, हे सांगणे कठीण आहे. त्यासाठी कोणाच्याही घरी जावे लागले नाही, कोणाला सवय बदलण्याचा उपदेश करावा लागला नाही, औषधाची एक गोळीही वाटावी लागली नाही. पंपावर जे मिळत होते तेच बदलले. धूर आणि धूळ यांच्या बाबतीत व्यक्तीला स्वतःपुरती निवड जवळजवळ नसतेच. निवड असते ती कारखान्यात आणि कायद्यात.

मात्र तेहतीस टक्के ही संख्याही काही लहान नव्हे. पेट्रोल गेले तरी शिसे उरले आहे, हेच तिने सांगितले. मोटारीच्या व इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या वस्तीतल्या वस्तीत फोडून, त्यांतील शिसे उघड्या भट्टीत वितळविण्याचा धंदा २००१ व २०२२ च्या नियमांनंतरही पुरता थांबलेला नाही. घराच्या रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. भिंतींवरचे जुने रंगाचे थर त्यापूर्वीचे आहेत. हळदीचा पिवळेपणा खुलावा म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे बांगलादेशात आणि आपल्याकडे बिहारसारख्या राज्यांत उघडकीस आली आहेत. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालातील अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक आहे, आणि त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील आहेत.

मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. लहान विमानांच्या इंधनात मात्र ते अजूनही घालतात. ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस बंद झाली होती. असे असूनही लंडनच्या हवेतील कण २०१४ ते २०१८ या काळात गोळा करून त्यांतील शिशाचे समस्थानिक तपासले, तेव्हा त्यांतील चाळीस टक्क्यांपर्यंत शिसे जुन्या पेट्रोलचे असल्याचे आढळले. पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय ज्या पद्धतीने काढले, त्याच पद्धतीचा हा उपयोग. रस्त्याकडेच्या मातीत बसलेले ते कण वाहनांच्या वर्दळीने व वाऱ्याने पुन्हा पुन्हा वर उठतात आणि पुन्हा खाली बसतात.